कोविडचे उपचार दर काही महिन्यांनी का बदलत गेले, आणि त्यांतले शेवटी काय टिकले?

मनीषा_सातारा

नमस्कार. आमच्या घरात कोविडच्या दोन फायली आहेत. एक सासूबाईंची, सप्टेंबर २०२० मधली, आणि दुसरी आमच्या धाकट्या काकांची, एप्रिल २०२१ मधली. दोघेही बरे होऊन घरी आले, त्यामुळे हा प्रश्न मी कोणावर रोष धरून विचारत नाही. मात्र दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचल्या, तर त्या एकाच आजाराच्या आहेत असे वाटत नाही.

सासूबाईंच्या केसपेपरवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अझिथ्रोमायसिन, फॅविपिराविर आणि पुढे दोन वेळा प्लाझ्मा अशी नोंद आहे. काकांच्या फायलीत यातले काहीही नाही. तेथे रेमडेसिविर, डेक्सामेथासोन, रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर द्यायची इंजेक्शने आणि पालथे झोपवण्याच्या वेळांचा तक्ता आहे. सासूबाईंच्या प्लाझ्मासाठी आम्ही ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला फोन केले होते, आणि काकांच्या रेमडेसिविरसाठी माझे यजमान रात्रभर औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभे होते. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतील एका मधुमेही गृहस्थांना ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढे त्यांना म्युकर (काळ्या बुरशीचा आजार) झाला आणि वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला.

माझे प्रश्न असे आहेत. २०२० मध्ये आवर्जून दिलेली औषधे २०२१ मध्ये बाद कशी झाली? काकांना ज्या स्टेरॉइडने वाचवले असे डॉक्टर म्हणाले, तेच स्टेरॉइड शेजाऱ्यांना इतके महाग कसे पडले? रेमडेसिविरचा खरोखर काही उपयोग होता का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे. कितीही लांब असले तरी मी वाचेन.

---

अमरावतीचा_फिजिशियन

मनीषाताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर समजले की पहिल्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर मिळते.

विषाणूची ओळख पटायला वेळ लागला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये वुहानमध्ये रुग्ण दिसू लागले आणि जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात विषाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम जगभरातल्या शास्त्रज्ञांसाठी खुला झाला. त्याच्या आधारावर आरटी-पीसीआर तपासणी तयार झाली, आणि ३० जानेवारीला केरळमध्ये भारतातल्या पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतून झाले. हा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, हेही लवकरच स्पष्ट झाले. मात्र माणूस या आजाराने नेमका कशामुळे दगावतो, हे कळायला पुढचे अनेक महिने गेले, आणि तोपर्यंत दिलेली बहुतेक औषधे ही विषाणूला मारण्याच्या उद्देशाने दिलेली होती.

रुग्णशय्येजवळ जे चित्र पुन्हा पुन्हा दिसले, ते असे. पहिल्या पाच-सहा दिवसांत ताप, अंगदुखी, खोकला, वास जाणे ही लक्षणे असतात. घशातले विषाणूंचे प्रमाण लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर ते उतरत जाते. बहुसंख्य लोक येथेच बरे होतात. उरलेल्या थोड्या लोकांमध्ये सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे विषाणू उताराला लागलेला असताना, फुप्फुसांची स्थिती अचानक बिघडते. त्या वेळी नुकसान करत असते ती शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा. चोर पळून गेल्यानंतरही घरच्यांनीच काठ्या फिरवून सामानाची मोडतोड चालू ठेवावी, तसा तो प्रकार असतो. हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये द्रव आणि दाहक पेशी भरतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो.

स्टेरॉइड प्रतिकारयंत्रणेचा हा अतिरेक शांत करते. यावरूनच कळेल की ते पहिल्या आठवड्यात दिले तर विषाणूशी लढणारी यंत्रणाच आपण नको त्या वेळी दडपतो, आणि दुसऱ्या आठवड्यात ऑक्सिजन उतरल्यावर दिले तर जीव वाचतो. हा निव्वळ तर्क नाही. ब्रिटनमधील रिकव्हरी या चाचणीत २१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस देण्यात आले आणि ४३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार देण्यात आले. व्हेंटिलेटरवर असलेल्यांमध्ये २८ दिवसांतला मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये तो २६.२ वरून २३.३ टक्के झाला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र स्टेरॉइड घेतलेल्यांचा मृत्युदर १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांचा १४.० टक्के होता. या शेवटच्या गटातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक नव्हता, परंतु फायदा नव्हता एवढे निश्चित होते आणि कल नुकसानीकडे होता. आपले काका दुसऱ्या गटातले आणि आपले शेजारी तिसऱ्या गटातले. औषध तेच होते, दिवस वेगळा होता.

म्हणूनच मी केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ‘आजाराचा दिवस’ ठळक लिहीत असे. तो लक्षणांच्या पहिल्या दिवसापासून मोजायचा असतो. नातेवाईक बहुधा तपासणीची तारीख सांगत. ती कधी तीन, कधी पाच दिवसांनी पुढची असे, आणि तेवढ्या फरकाने उपचारांचा सगळा हिशेब चुकू शकतो. ‘पहिली कणकण कधी आली, त्या दिवशी घरात काय होते, कोण आले होते’ असे खोदून विचारले की खरा दिवस सापडे.

आता मधुमेहाबद्दल. स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. ज्यांना मधुमेह आहे त्यांची ती चारशेच्या पुढेही जाते, आणि घरी गोळ्या चालू असलेल्या माणसाची साखर रोज तपासणारे कोणी नसते. म्युकरची बुरशी आपल्या भोवतालच्या हवेत, मातीत नेहमीच असते. अनियंत्रित साखर, दडपलेली प्रतिकारशक्ती आणि कोविडने आधीच दुखावलेले नाकातले व सायनसमधले अस्तर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती रक्तवाहिन्यांत घुसते आणि पुढचा भाग मृत होतो. चेहऱ्याची एकच बाजू दुखणे, नाकातून काळपट खपली येणे, वरचे दात हलू लागणे, एकाची दोन दिसणे ही तिची लक्षणे होत. मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात असे रुग्ण इतक्या संख्येने आले की ॲम्फोटेरिसिन-बी हे त्यावरचे इंजेक्शन मिळेनासे झाले. लवकर सुरू केलेले, गरजेपेक्षा जास्त मात्रेचे आणि जास्त दिवस चाललेले स्टेरॉइड हे त्यामागचे मोठे कारण होते, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मात्रेबद्दलही एक महत्त्वाची माहिती पुढे आली. ‘६ मिलिग्रॅमने उपयोग होतो, तर २० ने अधिक होईल’ असे पुष्कळांना वाटत होते. त्याच रिकव्हरी चाचणीने ते तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या ऑक्सिजनवर असलेल्या किंवा ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णांमध्ये जास्त मात्रेच्या गटातला मृत्युदर १९ टक्के होता आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातला १२ टक्के.

एचआरसीटीचाही, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचाही, यात भाग आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्कॅन करून ‘पंचवीसपैकी आठ’ असा स्कोअर हाती आला की घरचे घाबरत आणि त्या आकड्यावर औषध सुरू होई. ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाला त्या आकड्यावर स्टेरॉइड देण्यास काहीच आधार नव्हता. एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ च्या सुरुवातीला जाहीरपणे हेच बजावले होते. अमरावतीत दुसरी लाट फेब्रुवारीतच येऊन गेली होती. तो इशारा दोन महिने आधी मिळाला असता तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते.

---

लीड्सवासी_डॉक्टर

मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयात आहे. वर उल्लेख आलेल्या रिकव्हरी चाचणीसाठी आमच्या वॉर्डातले रुग्णही नोंदवले जात, म्हणून आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

कोविडमध्ये औषधाचा गुण ओळखणे विलक्षण अवघड होते, कारण बहुतेक रुग्ण कोणत्याही औषधाविना बरे होत. शंभर जणांना एखादी गोळी दिली आणि त्यांतले नव्वदहून अधिक बरे झाले, तर गोळीला श्रेय मिळते. देणारा डॉक्टर प्रामाणिक असतो, घेणारा रुग्ण कृतज्ञ असतो, आणि तरीही दोघांचा समज खोटा असू शकतो. यातून बाहेर पडण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, आणि गट इतके मोठे ठेवायचे की दोन-तीन टक्क्यांचा फरकही नजरेतून सुटणार नाही.

ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी मार्च २०२० मध्ये ही चाचणी उभी केली, तेव्हा त्यांनी ती मुद्दाम अतिशय सोपी ठेवली. रुग्णाची किंवा त्याच्या नातेवाइकाची संमती घ्यायची, संगणकावर मोजकी माहिती भरायची, आणि पडद्यावर ‘नेहमीचे उपचार’ किंवा ‘नेहमीचे उपचार आणि अमुक औषध’ असे उत्तर यायचे. त्यानंतर रुग्ण घरी गेल्यावर, दगावल्यास किंवा २८ दिवस झाल्यावर एकच फॉर्म भरायचा. रात्रपाळीला तीस रुग्ण सांभाळणारा डॉक्टरही हे करू शकत असे, आणि म्हणूनच काही आठवड्यांत हजारो रुग्ण नोंदवले गेले. १६ जून २०२० रोजी दुपारी डेक्सामेथासोनचे निष्कर्ष जाहीर झाले आणि त्याच दिवशी ते आमच्याकडे नेहमीच्या उपचारांचा भाग झाले. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा समावेश केला. जगातल्या अत्यंत स्वस्त औषधांपैकी एक आणि कोणत्याही तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारे असे हे औषध होते, ही मला त्या वर्षातली सर्वांत दिलासादायक गोष्ट वाटते.

त्याच चाचणीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन निरुपयोगी ठरले. औषध घेतलेल्यांमध्ये मृत्युदर २७.० टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये २५.० टक्के होता. हा निष्कर्ष ५ जून २०२० लाच जाहीर झाला होता. या औषधाची सगळी कीर्ती मुख्यतः मार्चमधल्या फ्रान्सच्या एका अगदी लहान अभ्यासावर उभी होती. त्यात ३६ रुग्ण होते, चिठ्ठी टाकून विभागणी केलेली नव्हती, आणि तो शोधनिबंध पुढे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. अझिथ्रोमायसिननेही मृत्युदरात फरक पडला नाही, दोन्ही गटांत तो २२ टक्केच राहिला.

प्लाझ्माचे उत्तर आपल्या देशानेच दिले, आणि याचा अभिमान बाळगला पाहिजे असे मला वाटते. बरे झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आजारी माणसाला द्यावीत, ही कल्पना शंभर वर्षे जुनी आणि तर्काला पटणारी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तिची चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि न दिलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांची प्रकृती गंभीर झाली किंवा ते दगावले, म्हणजे फरक नव्हताच. ऑक्टोबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. नंतर रिकव्हरीने अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर तेच पाहिले आणि दोन्ही गटांत मृत्युदर २४ टक्के आढळला. कारणही कालक्रमातच आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेक रुग्णांच्या शरीरात स्वतःची प्रतिपिंडे तयार होऊ लागलेली असतात, त्यामुळे उसनी प्रतिपिंडे देऊन फारसे काही साधत नाही. तरीही भारतातल्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. आपण ज्या महिन्यात फोन करत होता, त्या सप्टेंबरमध्ये निकाल अद्याप छापून आलेला नव्हता. त्यानंतर एप्रिलमध्ये जी कुटुंबे दाता शोधत वणवण फिरली, त्यांची मला खरी खंत वाटते, कारण तोवर उत्तर मिळून सहा महिने झाले होते.

रेमडेसिविरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या चाचणीत त्याने बरे होण्याचा सरासरी काळ १५ दिवसांवरून १० दिवसांवर आणला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत मृत्यू टळताना दिसले नाहीत, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघटनेने ते वापरू नये असे सुचवले. २०२२ मध्ये त्याच चाचणीचे अंतिम आकडे आले. त्यांत व्हेंटिलेटर न लागलेल्या पण ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्युदर १६.३ ऐवजी १४.६ टक्के, म्हणजे थोडासा फायदा दिसला. व्हेंटिलेटरवरच्यांना काहीही लाभ झाला नाही. दरम्यान आणखी एका चाचणीत, लक्षणे सुरू होऊन सात दिवसांच्या आत, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ न आलेल्या जोखमीच्या रुग्णांना सलग तीन दिवस ते देण्यात आले, तेव्हा दाखल होण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झाले. विषाणूविरोधी औषध विषाणू वाढत असतानाच द्यावे लागते, हेच त्यातून दिसते. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे ते बहुधा उशिरा, अतिदक्षता विभागात आणि शेवटचा उपाय म्हणून दिले गेले, आणि तेथे त्याची शक्ती सर्वांत कमी होती. आपल्या यजमानांनी केले ते कोणीही केले असते. मात्र काका वाचले त्यात त्या रांगेपेक्षा ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि पालथे झोपवण्याचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

---

नाशिककर_७२

लीड्सवासी डॉक्टरांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला एक मूलभूत आक्षेप नोंदवावासा वाटतो. डोळ्यांसमोर माणसे मरत असताना चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रुग्णांना औषध नाकारणे नीतीला धरून आहे का? माझ्या बहिणीला असे नाकारलेले मला चालले नसते. चाचणीचे उत्तर यायला महिने लागतात आणि रुग्णाला श्वास आज हवा असतो. डॉक्टरांनी त्या वेळी हाताशी होते ते सगळे देऊन पाहिले, यात गैर काय?

---

लीड्सवासी_डॉक्टर

आपला आक्षेप मला मनापासून मान्य करण्यासारखा वाटतो, कारण संमती घेताना नातेवाईक हेच विचारत. माझे उत्तर असे असे की त्या क्षणी औषध घेणारा भाग्यवान आहे की न घेणारा, हे कोणालाच माहीत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या बाबतीत ज्यांना ते ‘नाकारले’ गेले, त्यांचे काहीही बिघडले नाही. डेक्सामेथासोनच्या बाबतीत ऑक्सिजन न लागणाऱ्यांना ते न मिळाल्याने हितच झाले असावे. ऑक्सिजन, द्रवपदार्थ, शुश्रूषा हे सर्व प्रत्येकाला मिळतच होते, त्यात काही वाटून घ्यायचे नव्हते.

‘सगळे देऊन पाहिले’ याला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणाने. एकाच रुग्णाला सहा औषधे दिली आणि तो बरा झाला किंवा दगावला, तरी त्यातून पुढच्या रुग्णासाठी काहीच शिकता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात जगभर लाखो लोकांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देण्यात आले, आणि त्या लाखोंच्या अनुभवातून उत्तर मिळाले नाही. ते मिळाले चिठ्ठी टाकून विभागलेल्या पावणेपाच हजार रुग्णांकडून. आपल्या बहिणीचा विचार करूनच सांगतो, तिच्यानंतर दाखल होणाऱ्याला तरी खात्रीचे औषध मिळावे यासाठी याहून जलद रस्ता मला माहीत नाही. उत्तर यायला महिने लागतात हे खरे, पण येथे ते तीनच लागले. पहिला रुग्ण मार्चमध्ये नोंदवला गेला आणि डेक्सामेथासोनचे उत्तर जूनच्या मध्यावर आले.

---

सिस्टर_नंदुरबार

वरील दोन्ही डॉक्टरांनी औषधांबद्दल लिहिले आहे. मी कोविड वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जीव ज्याने वाचवले त्या ऑक्सिजनबद्दल कोणी पुरेसे लिहिलेले नाही.

पहिल्या काही आठवड्यांत आम्हांला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन ८२ असलेला माणूस खाटेवर बसून मोबाइलवर घरच्यांशी व्यवस्थित बोलत असे. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, आणि या आजारात बराच काळ तो बाहेर पडत राहतो, म्हणून रुग्णाला धोका जाणवतच नाही, असे आम्हांला नंतर समजावून सांगण्यात आले. यामुळेच बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घराघरात पोहोचले पाहिजे होते, आणि सहा मिनिटे चालून पुन्हा मोजण्याची पद्धत उपयोगी पडली. बसलेला असताना ९५ आणि चालल्यावर ९० असा आकडा आला की आम्ही त्या रुग्णाला घरी पाठवत नसू. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, बोटे गार पडली असतील, तर आकडा चुकतो. म्हणून बोटे चोळून, दुसऱ्या हाताचे बोट लावून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचे, हे मी प्रत्येक नवीन मुलीला शिकवत असे.

पालथे झोपवण्याबद्दल मनीषाताईंनी लिहिले आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे झोपल्यावर तो दाबला जातो आणि पालथे झाल्यावर मोकळा होतो. छातीखाली एक, कमरेखाली एक, पायांखाली एक अशा उशा द्यायच्या, पोट मोकळे राहील हे पाहायचे आणि ऑक्सिजनची नळी दबणार नाही याची खात्री करायची. अर्ध्या तासात ८६ चे ९३ झालेले मी स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिले आहे. मात्र वृद्ध, स्थूल किंवा पाठीचे दुखणे असलेल्या रुग्णाला त्या स्थितीत टिकवून ठेवणे हे सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय या सगळ्यांचे तासन्‌तास चालणारे काम आहे. सहा देशांत मिळून अकराशेहून अधिक जागृत रुग्णांवर याची चाचणी झाली. २८ दिवसांत व्हेंटिलेटरसाठी घशात नळी घालावी लागणे किंवा मृत्यू येणे याचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले, ते मुख्यतः नळी टळल्यामुळे. पैसे न लागणाऱ्या उपायासाठी हे थोडे नाही.

आता सिलिंडरचा हिशेब सांगते, कारण दुसऱ्या लाटेत खरी टंचाई कशाची होती हे त्यातून समजेल. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. पिशवीच्या मास्कवर मिनिटाला १५ लिटर लावले, तर तो पावणेआठ तासांत संपतो. म्हणजे एका रुग्णाला चोवीस तासांत तीन सिलिंडर लागतात, आणि वीस रुग्णांच्या वॉर्डाला साठ. नाकातून जास्त प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटर शुद्ध ऑक्सिजनवर लावले, तर तेच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणून रुग्णाचा ऑक्सिजन ९२ ते ९६ च्या दरम्यान स्थिर झाला की प्रवाह एकेक लिटरने कमी करत आणायचा, हे आमचे दर फेरीचे काम होते. ‘सिस्टर, कमी नका करू’ म्हणून नातेवाईक विनवत, आणि आकडा दाखवून त्यांची समजूत घालावी लागे.

आमच्या जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प बसवून घेतले होते. ते स्वतः डॉक्टर आहेत. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत होती, तेव्हा आमच्यासारख्या आदिवासी जिल्ह्यात ऑक्सिजनचा पुरवठा चालू राहिला. इतर जिल्ह्यांतल्या माझ्या मैत्रिणी फोनवर रडत असत, त्यावरून या दूरदृष्टीची किंमत मला कळली.

---

मनीषा_सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांची फाईल पुन्हा उघडून पाहिली. ताप आला ३ एप्रिलला, तपासणी झाली ७ ला, दाखल केले ११ ला, आणि डेक्सामेथासोन त्याच दिवशी सुरू झालेले आहे. तेव्हा ऑक्सिजन ८८ होता. म्हणजे अमरावतीच्या डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे आजाराचा नववा दिवस होता. हे वाचून मन बरेच शांत झाले.

दोन गोष्टी अजून विचारते. काकांना तेव्हापासून साखरेची गोळी चालू आहे, पूर्वी मधुमेह नव्हता. हे स्टेरॉइडमुळे झाले का? आणि सासूबाई आता ७४ वर्षांच्या आहेत. आज त्यांना पुन्हा कोविड झाला तर पहिल्या दिवशी नेमके काय करावे?

---

अमरावतीचा_फिजिशियन

मनीषाताई, काकांच्या साखरेबद्दल. केवळ दहा दिवसांच्या डेक्सामेथासोनने वाढलेली साखर सहसा काही आठवड्यांत खाली येते. ती टिकून राहिली असेल, तर बहुधा मधुमेह आधीपासूनच उंबरठ्यावर असावा आणि आजारपणाने तो उघड झाला असावा. कोविड होऊन गेलेल्यांमध्ये नव्याने मधुमेहाचे निदान होण्याचे प्रमाण वाढल्याचेही अनेक अभ्यासांत आढळले आहे. दाखल करताना एचबीए१सी तपासले असेल, तर फाईलमध्ये पाहा. ती तपासणी आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर मधुमेह स्टेरॉइडच्या आधीचाच होता असे समजावे. काहीही असले तरी गोळी स्वतःहून बंद करू नये, आणि डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडे यांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी.

सासूबाईंसाठी पहिले काम म्हणजे लक्षणे सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवणे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे. वय जास्त असल्यामुळे विषाणूविरोधी औषधाचा विचार पहिल्या पाच दिवसांतच व्हायला हवा. निर्माट्रेल्विर आणि रिटोनाविर यांची एकत्रित गोळी लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना पहिल्या तीन दिवसांत दिली तेव्हा दाखल होणे किंवा मृत्यू येणे ८९ टक्क्यांनी घटले होते. लस घेतलेल्यांमध्ये फायदा त्याहून कमी असतो, पण या वयात तो विचारात घ्यावा. ही गोळी कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या आणि रक्त पातळ करण्याच्या काही औषधांशी जुळत नाही, म्हणून सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे डॉक्टरांकडे घेऊन जावीत. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि दिवसातून तीन-चार वेळा ऑक्सिजन मोजून वेळेसह वहीत लिहिणे एवढे घरी पुरते. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरला, तर दाखल करण्याची वेळ झाली असे समजावे. तोपर्यंत स्टेरॉइड, अँटिबायोटिक किंवा स्कॅन यांपैकी कशासाठीही घाई करू नये.

आपल्या शेजाऱ्यांना जबड्यासाठी कृत्रिम तालू बसवली नसेल, तर जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करावी. बोलणे आणि जेवणे दोन्ही त्याने पुष्कळ सुधारते, आणि शस्त्रक्रियेला वर्षे लोटली असली तरी ती बसवता येते.